फाडावयाची रेघ



आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे. आमचे शिक्षण वर्गणीच्या पावतीपुस्तकावर झाले. आजचा विषयही त्यातलाच आहे. पावती आणि स्थळप्रत यांच्यामध्ये भोकांची जी रेघ असते, तिला छापखान्यात परफोरेशन म्हणतात. घरच्या प्रिंटरवर पत्र छापावे आणि अशी रेघ मारून त्यालाच उत्तराचे कार्ड जोडावे, ते कसे, एवढेच सांगावयाचे आहे.

कोणी विचारील, हाती मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? आमच्या यादीत निवृत्त होऊन गावी परतलेली माणसे आहेत. त्यांचे फोननंबर बदलतात. घराचा पत्ता सहसा बदलत नाही. शिवाय नुसते पत्रक म्हणजे एकतर्फी भाषण. सभासदाचे मत हवे, आणि कार्ड, तिकीट, पत्ता मात्र त्याने जमवावा, हा न्याय नव्हे.

ही रेघ आयती मिळालेली नाही. १८४० साली इंग्लंडात निघालेली टपालतिकिटे कात्रीने कापावी लागत. हेन्री आर्चर या आयरिश गृहस्थाने १८४७ साली भोके पाडण्याच्या यंत्राची योजना टपालखात्यापुढे मांडली, आणि १८५४ साली तेथे छिद्रांची तिकिटे रीतसर विक्रीस आली. आपल्याकडे त्याच साली निघालेली तिकिटे मात्र बिनछिद्रांचीच होती.

आता मापाकडे वळू. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटर. पोस्टकार्ड १४० × ९०. तळापासून ९० मिलिमीटरवर आडवी रेघ धरा आणि तिच्याखाली डावीकडून १४० वर उभी. कार्ड निघाले, शेजारी ७० × ९० चा तुकडा उरला. तो वाया घालवू नका. त्यावर प्रश्न आणि तारीख छापा. ती सभासदाची स्थळप्रत. कार्डाच्या पाठीवर संघटनेचा पत्ता छापून तिकीट आपणच लावावे. कागद उलटला की डावे ते उजवे होते, याचे भान ठेवावे. घड्या वरून १०० आणि २०० मिलिमीटरवर घालाव्यात. खालचा पदर ९७ चा राहतो, म्हणून तो आत नीट बसतो. घडी भोकांच्या रेघेवर येऊ देऊ नये. टपालाच्या थैलीत घासून कार्ड वाटेतच सुटावयाचे.

नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद कार्डाला लेचापेचा पडतो. प्रिंटरला पेलत असेल तर १६० ग्रॅमचा घ्यावा. घरी रेघ मारावयाची तर आधी छापावे, मग भोके पाडावीत. भोकांच्या उठलेल्या कडा प्रिंटरच्या रुळांत अडकण्याचा संभव असतो. भोकांना यंत्र विकत घ्यावयास नको. शिवणयंत्रात दोरा न ओवता जुनी सुई लावावी आणि टाका दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. फार जवळ टाके घातले तर कार्ड आपोआप गळते. फार लांब घातले तर फाडताना मजकुरासकट फाटते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वाकडेतिकडे. हा कागदाच्या तंतूंचा गुण. ए-फोरमध्ये तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. म्हणून आडव्या रेघेला टाका बारीक हवा, उभीला थोडा मोठा चालतो. एक कागद वाया घालवून आधी पाहावे, मग शंभर करावेत.

परंतु मुख्य गोष्ट मापाची नव्हे. कार्ड उघडे असते. पोस्टमन वाचील, शेजारी वाचील, आणि कामावर असलेल्या सभासदाचे कार्ड मुकादमाच्याही हाती पडू शकेल. म्हणून संपाचा कौल किंवा कोणाची तक्रार कार्डावर मागू नये. त्यासाठी बंद पाकीट आणि गुप्त मतपेटीच हवी. सभेचा वार कोणता सोयीचा, वर्गणी वाढवावी काय, असे चारचौघांत बोलता येईल तेच कार्डावर विचारावे. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या चौकटी सारख्याच मोठ्या छापाव्यात. खाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, म्हाताऱ्या हाताला पुरतील एवढ्या रुंद. काही कार्डे नकार घेऊन येतील. तीही मोजावीत, फाइलला लावावीत आणि पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. ‘होय’ म्हणणाऱ्यांचीच कार्डे ज्या कचेरीत जपली जातात, तिने हा कागद फुकट घालवू नये.