वाचलेले पुस्तक पुढे द्यावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा आमची थोडी तारांबळच उडाली. आम्ही साहित्यिक नाही, प्राध्यापकही नाही. बी.ए. झालो आणि त्यानंतरचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात गेले. वाचनाचे वेड मात्र सुटले नाही. त्या वेडापायी आमच्या हातून एक चूकही घडली. म्हणून आज तोच विषय आम्ही निवडला आहे. आवडलेले पुस्तक आपल्यापाशी जपून ठेवावे की दुसऱ्या वाचकास देऊन टाकावे, हा तो विषय होय.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांस हा प्रश्न फारसा जाणवत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली निघाले, मुंबईचे 1898 साली. पुढे तालुक्यातालुक्यांतून वाचनालये उभी राहिली. पुस्तक हवे झाले तर चार पावले चालावे लागते, इतकेच. येथे कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या राशी आहेत. परंतु त्यांत मराठी पुस्तक गवसणे हे भाग्याचेच लक्षण. आणि मौज अशी की, मराठी पुस्तकांना कायद्याने पाचारण करणारे ठिकाण याच नगरीत आहे. 1954 साली संसदेने केलेल्या कायद्यानुसार, भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे धाडावयाची असते. म्हणजे सदाशिव पेठेत छापलेले पुस्तक आपल्या दाराशी येऊन पोहोचावयाचे! परंतु ती प्रत पुढील पिढ्यांसाठी राखलेली असते. रात्री उशाशी घ्यावी, शेजारणीस वाचावयास द्यावी, अशी ती नव्हे. त्यासाठी पुस्तक माणसाच्या हातून माणसाच्या हातीच यावे लागते.

अशा देवघेवीचा एक थोर दाखला या शहराशी निगडित आहे. सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा स्नेह 1904 च्या सुमारास जुळला, तो जदुनाथांच्या 1958 सालच्या निधनापर्यंत टिकला. जदुनाथांनी मराठी शिकून घेतली होती. फारसी साधनांसाठी सरदेसाईंना जदुनाथांचा आधार असे. एकाचा अधिकार मराठी कागदांवर, तर दुसऱ्याचा फारसी कागदांवर. इतिहाससंशोधकांत कागद दडवून ठेवण्याची खोड काही नवी नाही. परंतु या दोघांनी आपापले ज्ञान एकमेकांपुढे मोकळे केले. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार खंडशः प्रसिद्ध झाला, तो या दोघांच्या संपादनामुळे. जदुनाथांचा ग्रंथसंग्रह पुढे राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. सर आशुतोष मुखर्जी यांचा 80,000 च्या घरातील संग्रहही त्यांच्या कुटुंबीयांनी 1949 साली त्याच ग्रंथालयास दिला.

थोरांचे संग्रह ग्रंथालये आनंदाने स्वीकारतात. तुमच्याआमच्या दोन कपाटांचे पुढे काय व्हावयाचे?

येथे आम्हांस आमच्याच चुकीकडे वळले पाहिजे. 1996 साली आमची या शहरी पहिली बदली झाली आणि सॉल्ट लेकच्या सरकारी वसाहतीत आम्ही बिऱ्हाड थाटले. दिवसचे दिवस मराठीचा शब्द कानी पडत नसे. गणेशोत्सवात एक वृद्ध सभासद भेटले. सारे त्यांना अण्णा म्हणत. "वाचता का?" एवढेच त्यांनी विचारले, पुढच्या रविवारी भवानीपूरच्या घरी बोलाविले आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्या हाती ठेविली. प्रत जुनी, कापडी बांधणीची. पहिल्या कोऱ्या पानावर चार हस्ताक्षरांत चार नावे होती आणि प्रत्येकापुढे गाव व साल. नागपूर, जबलपूर, खरगपूर आणि शेवटी अण्णांचे कलकत्ता. अण्णा म्हणाले, "वाचून झालं की मला परत आणून देऊ नका. खाली आपलं नाव घाला आणि ज्याला वाचायची ओढ असेल त्याला द्या. कोणाला दिलंत ते मात्र एका कार्डावर कळवा."

पुस्तक आम्ही तीन रात्रींत संपविले. आमच्या सौभाग्यवतींनी ते दोनदा वाचले. पाचवे नाव आम्ही मोठ्या ऐटीत घातले. परंतु पुस्तक पुढे दिले नाही. ते फार आवडले होते, हेच त्याचे कारण. कोणी विषय काढला तर "अजून घरी वाचून व्हायचंय" असे सांगून आम्ही वेळ मारून नेत असू. पुढे बदल्या झाल्या. दिल्ली, भोपाळ, पुन्हा दिल्ली. दर वेळी 'स्मृतिचित्रे' कपड्यांच्या पेटीत, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात. अण्णांना कार्ड काही गेले नाही. लिहिणार तरी काय होतो?

2012 साली पुन्हा येथे आलो, तेव्हा अण्णा निवर्तले होते. त्याच सुमारास आमच्या परिचयाचे दुसरे एक गृहस्थ वारले. ते आपल्या पुस्तकांना कोणास हात लावू देत नसत. त्यांची चार कपाटे वजनावर रद्दीत गेली. मुलांना तरी काय बोलावे? त्या पुस्तकांचा लळा लागेल असे वडिलांनीच कधी काही केले नव्हते. हे मनात ताजे असताना आम्ही अण्णांच्या घरी गेलो. पाहतो तो त्यांचेही कपाट जवळजवळ रिकामे. आम्हांस वाटले, येथेही तोच प्रकार झाला. परंतु सूनबाईंनी एक वही आणून दाखविली. अण्णांनी ते कपाट हयातीतच, आपल्या हातांनी रिकामे केले होते. वहीत पुस्तकाचे नाव, ते कोणाला दिले, तेथून पुढे कोणाकडे गेले, अशी ओळीने नोंद होती. काही ओळी सरकत सरकत पुणे, रायपूर करीत लंडनपर्यंत गेल्या होत्या. 'स्मृतिचित्रे'च्या ओळीत आमचे नाव होते आणि पुढची जागा कोरी.

इतक्यात अण्णांची कॉलेजात जाणारी नात म्हणाली, "काका, ते पुस्तक तुम्ही पुढे कोणाला दिलंत? आजोबा त्यातल्या गोष्टी सांगायचे. मला वाचायचंय." खोटे बोलण्याचा धीर आम्हांस झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक नेऊन दिले.

मुलीचे शिक्षण बंगाली शाळेत झालेले. नागरी अक्षरे हिंदीमुळे ठाऊक, पण मराठी वाचन अडखळत. रोज रात्री आई शेजारी बसे. लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर अक्षरे शिकल्या, हे वाचल्यावर तिचा संकोच सुटला. पाच महिन्यांनी पुस्तक संपले आणि तिने पानावर सहावे नाव घातले, ते बंगाली अक्षरांत! आम्ही ते पान बराच वेळ पाहत बसलो. आमच्याकडे ते पुस्तक सोळा वर्षे होते. तेवढ्या अवधीत तेथे निदान सात-आठ नावे पडली असती. आमच्यामुळे जे वाचक त्या पुस्तकास मुकले, ते कोण हे आम्हांस कधीच कळणार नाही.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. देणगीदारांच्या साहाय्याने पुस्तकांच्या पेट्या भरावयाच्या, एकेक पेटी वाचकांच्या एकेका गटावर सोपवावयाची आणि मग त्या पेट्यांची गटागटांत अदलाबदल करावयाची, अशी ती योजना. या पेट्या महाराष्ट्राची सीमा ओलांडून दुबईपर्यंत गेल्या. आपल्या मंडळास एवढा व्याप झेपेल की नाही, ते कार्यकारिणीने ठरवावे. सभासदांपाशी आमच्या साध्या विनंत्या आहेत. पुस्तक द्यावयाचे ते आवडलेले द्यावे. जुनी गाईडे आणि फाटके दिवाळी अंक देऊन कपाट झाडण्याचे पुण्य पदरी घेऊ नये. देताना माणूस पाहून द्यावे. शक्य तर तरुण पाहावा आणि तो अडखळत वाचतो म्हणून मागे घेऊ नये. पहिल्या पानावर नावासाठी जागा ठेवावी. आणि हे सारे आपण हिंडतेफिरते असतानाच करावे. मागाहून ते काम तराजूवाल्याकडे जाते.

बोलणारा स्वतः काय करतो, असे कोणी विचारील. आज पिशवीत आम्ही पु. ल. देशपांडे यांची 'वंगचित्रे' आणली आहेत. पन्नाशी उलटल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकणाऱ्या या माणसाचे पुस्तक आम्ही चार वेळा वाचले आहे आणि सकाळी निघताना ते पुन्हा कपाटात ठेवावे असा मोह झाला होता, हेही कबूल करतो. सभा संपल्यावर ज्यास हवे असेल त्याने ते न्यावे. पहिल्या पानावर आमचे नाव, 'कोलकाता' आणि आजची तारीख आहे. खाली जागा पुष्कळ आहे.