जवळचा बुध, लांबची वाट



‘मंगळावर पोचायला किती दिवस लागतात?’ हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात आणि त्यांचे आजोबाही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात अंतर भागिले वेग असं सरळ गणित असतं. जमिनीवर ते चालतं. अवकाशात मात्र आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तिथे पोचून थांबायचं आहे का? आणि थांबायचं असेल, तर त्यासाठी लागणारं इंधन बरोबर नेता येतं का? प्रवासाला लागणारा काळ बहुतेक वेळा या दोन प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

दोन यानं शेजारीशेजारी ठेवून पाहा. न्यू होरायझन्स १९ जानेवारी २००६ ला निघालं. नऊ तासांत त्यानं चंद्राची कक्षा ओलांडली, तेरा महिन्यांत गुरू गाठला आणि १४ जुलै २०१५ ला ते प्लूटोजवळ पोचलं. साडेनऊ वर्षांत पावणेपाच अब्ज किलोमीटर! आता मेसेंजर. हे ३ ऑगस्ट २००४ ला बुधाकडे निघालं. बुध आपल्यापासून कधीकधी आठ कोटी किलोमीटरच्या आत असतो, म्हणजे प्लूटो त्याच्या साठपट लांब. तरी मेसेंजर बुधाच्या कक्षेत शिरलं ते १८ मार्च २०११ ला, साडेसहा वर्षांनी.

हे असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगानं धावते आहे. इथून सुटणाऱ्या प्रत्येक यानाला हा वेग जन्मतःच मिळतो. बाहेरच्या ग्रहांकडे जाताना तो कामी येतो, पण आत, सूर्याकडे जाताना तोच आड येतो. त्यातला काही वेग टाकून दिला तरच यान आतल्या बाजूला उतरू लागतं. आणि उतरू लागलं की सूर्य त्याला ओढतो, त्याचा वेग वाढत जातो. थेट वाटेनं गेलेलं यान बुधापाशी पोचतं तेव्हा ते बुधापेक्षा सेकंदाला जवळजवळ दहा किलोमीटर जास्त वेगात असतं. बुधाला वेग मोडण्याइतकं वातावरण नाही. सगळा वेग इंजिन उलटं चालवून मोडायचा, तर एवढं इंधन लागेल की यानात उपकरणांना जागाच उरणार नाही.

थेट वाट खरं तर साडेतीन महिन्यांची आहे. मरिनर १० हे यान नोव्हेंबर १९७३ मध्ये निघून वाटेत शुक्राला वळसा घालत मार्च १९७४ मध्ये बुधाजवळून गेलं. पाच महिनेसुद्धा लागले नाहीत. पण ते जवळून गेलं, थांबलं नाही. थांबण्यासाठी मेसेंजरला एकदा पृथ्वीजवळून, दोनदा शुक्राजवळून आणि तीनदा खुद्द बुधाजवळून जावं लागलं. प्रत्येक वेळी त्या ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणानं त्याची वाट थोडी वळवली, आणि हळूहळू ती बुधाच्या वाटेशी जुळत गेली. तोवर सूर्याभोवती पंधरा फेऱ्या झाल्या. ही युक्ती रुजवणाऱ्यांत पाडुआ विद्यापीठाचे प्राध्यापक ज्युसेप्पे कोलंबो होते. मरिनर १० ला बुधाची पुन्हा पुन्हा भेट घेता येईल, हे त्यांनीच सुचवलं होतं. त्यांच्या नावाचं बेपीकोलंबो यान ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालं. बुधाच्या कक्षेत शिरण्याचा त्याचा मुहूर्त आहे नोव्हेंबर २०२६ चा. आठ वर्षं! मला हा सगळ्या अवकाशयुगातला फार सुंदर विचार वाटतो: इंधन नाही, तर वेळ खर्च करायचा.

न्यू होरायझन्सनं उलटा सौदा केला. ते प्लूटोजवळून सेकंदाला सुमारे चौदा किलोमीटर वेगानं गेलं. नऊ वर्षं वाट पाहून खरी जवळची भेट काही तासांची. कमीत कमी इंधनाच्या वाटेनं प्लूटोपर्यंत जायचं ठरवलं असतं, तर पंचेचाळीस वर्षं लागली असती.

आता आपल्या चांद्रयानाकडे येऊ, कारण त्याच्याबाबत २०२३ मध्ये पुष्कळ गैरसमज झाले. अपोलो ११ तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत पोचलं, मग आपल्याला उतरायला चाळीस दिवस का? १४ जुलैला चांद्रयान ३ निघालं ते आधी पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. दर फेरीत यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं. यान वेगात असताना जाळलेलं तेच इंधन जास्त ऊर्जा देतं. असं करत कक्षा ताणत नेली आणि १ ऑगस्टला यान चंद्राकडे सोडलं. ५ ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत होतं. म्हणजे प्रत्यक्ष मधला प्रवास पाचेक दिवसांचाच झाला. उरलेले अठरा दिवस कक्षा खाली आणण्यात आणि उतरण्याच्या जागी सूर्य उगवण्याची वाट पाहण्यात गेले. अपोलोला उचलणारा सॅटर्न ५ सुमारे २,९०० टनांचा होता, आपला एलव्हीएम ३ सुमारे ६४० टनांचा. रशियाचं लुना २५ ऑगस्टमध्ये निघून पाच दिवसांत चंद्राच्या कक्षेत गेलं, आणि १९ ऑगस्टला चंद्रावर आदळलं. आपलं २३ तारखेला अलगद उतरलं.

मंगळयानाचीही हीच गोष्ट. ते ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं. अमेरिकेचं मेवन तेरा दिवसांनी निघालं, तरी दोन दिवस आधी पोचलं. मेवनला मोठ्या अग्निबाणानं थेट मंगळाच्या वाटेवर ढकललं होतं. आपलं यान पीएसएलव्ही या लहान अग्निबाणावर होतं, त्यामुळे १ डिसेंबरपर्यंत ते पृथ्वीभोवती वेग जमवत होतं. १,३३७ किलोच्या यानात ८५२ किलो इंधनच होतं.

जवळच्या जवळही हेच दिसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर चारशे किलोमीटरवर आहे. मुंबईहून पणजी सरळ रेषेत साधारण इतकीच लांब. जून २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना तिथे पोचायला अठ्ठावीसेक तास लागले. २०२० मध्ये रशियाचं एक सोयुझ यान तीन तासांत जोडलं गेलं होतं. उंची गाठायला दहा मिनिटंही लागत नाहीत. बाकीचा वेळ दीड तासात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या स्थानकाला गाठण्यात जातो.

आता माणसाचं. जर्मन अभियंता वॉल्टर होमान यांनी १९२५ मध्ये ग्रहाकडे जाण्याची सर्वांत काटकसरीची वाट मांडली. त्या वाटेनं मंगळ सुमारे २६० दिवसांवर आहे. पण ही वाट सव्वीस महिन्यांतून एकदाच उघडते. २०२० च्या जुलैत तीन देशांची यानं एकामागोमाग निघाली ती म्हणूनच. माणूस या वाटेनं गेला, तर परतीची वाट उघडेपर्यंत त्याला मंगळावर सव्वा वर्ष काढावं लागेल. जाणं, थांबणं, येणं मिळून दोन वर्षं आठ महिने. एका उड्डाणात अवकाशात सलग राहण्याचा विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव यांचा आहे, मीर स्थानकावर ४३७ दिवस. तेही पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत. मंगळाच्या वाटेवर ते कवच नाही, आणि कुणी आजारी पडलं तर मध्येच मागे फिरता येत नाही.

म्हणून मला इंजिनांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अणुभट्टीत हायड्रोजन तापवून सोडणारी इंजिनं अमेरिकेनं १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात जमिनीवर चालवून पाहिली होती. रासायनिक इंजिनाच्या जवळपास दुप्पट काम ती तेवढ्याच वजनाच्या इंधनात करतात. १९७३ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. त्यातलं एकही इंजिन अवकाशात गेलं नाही. मंगळावर माणूस पाठवण्याच्या घोषणा आपण दर काही वर्षांनी ऐकतो. त्या घोषणेत तारीख कोणती आहे यापेक्षा इंजिन कोणतं आहे, हे आधी विचारा.