चानीचे गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. लेखकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण ‘आवडता कादंबरीकार’ हा विषय चिटणीसबाईंनी माझ्या गळ्यात घातला, म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे आवडते कादंबरीकार चिंतामण त्र्यंबक खानोलकर. पावसाच्या ढगाला हाक मारणारे आशाबाईंचे गाणे आपण सगळ्याच भाकऱ्या थापताना गुणगुणतो ना? चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि शब्द यांचे, आरती प्रभू या नावाने लिहिलेले. मी तर कित्येक वर्षे आरती प्रभू म्हणजे कुणी बाई समजत होते!

जन्म १९३० सालचा, वेंगुर्ल्याकडच्या बागलांची राई या गावचा. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली, आणि हे १९७६ सालीच गेले. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला. कुडाळला त्यांनी खाणावळ चालवली. आमटीला फोडणी देताना डोक्यात दुसरे काही टिकते का, हे आपल्याला विचारा. यांच्या डोक्यात कविता टिकल्या. पुढे मुंबईस आकाशवाणीत नोकरी केली, पण कादंबऱ्यांनी गाव सोडले नाही. तेच माड, तीच देवळे, नवस आणि शाप. ‘कोंडुरा’ हे त्यांच्या भागातल्या समुद्रकाठच्या खऱ्या जागेचे नाव. ती कादंबरी रात्री वाचवेना, दुपारी वाचून काढली. सगळेच पटले असे नाही. नशीब माणसांना इतके छळते की मध्ये कुठे हसायला जागा नाही.

‘चानी’ मात्र मनातून जात नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयातून धाकट्या जावेने आणून दिली. गावातली बाई आणि गोरा साहेब यांची ही मुलगी. गोरी, सोनेरी केसांची. गाव तिला जवळ करीत नाही. शांतारामबापूंनी १९७७ साली त्यावर चित्रपट काढला, रंजना चानी झाली होती. त्यातले रानफुलाचे गाणे लताबाईंचे, शब्द पुन्हा यांचेच. गाणे इतके गोड, की चानीचे हाल आपण विसरून जातो. पुस्तकात विसरता येत नाही.

वाचताना मला एक बाई आठवली. नाव, वाडी सांगत नाही. नवऱ्याचे घर सोडून माहेरी राहिलेली. गळा असा, की भजनात तिने सूर लावला की पेटी नको. विहिरीवर तिच्याविषयी जे बोलणे चाले, त्यात मीही होते. नुसती ऐकणारी नव्हते, बोलणारी होते. एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी माझ्या हाती आली आणि तिचे नाव मी लिहिले नाही. कुणी विचारलेही नाही. त्यानंतर ती भजनाला यायची थांबली.

‘चानी’ संपवली त्या दिवशी चूल पेटवायला उशीर झाला. सासूबाईंनी विचारले, ‘‘गो, रडतेस कशाला?’’ मी धूर सांगितला.

गेल्या संक्रांतीला तिच्या दारी मी स्वतः गेले. तिने पाणी दिले, बसायला पाट दिला, पण ती आली नाही. यंदा पुन्हा जाणार आहे. कुणाला बरोबर यायचे असेल तर सांगा.

(टाळ्या नकोत, चहा निवतो आहे.)