फोनवरून औषध सांगू नका

मंडळी, सुट्टीचा दिवस आहे, जास्त वेळ घेत नाही. मी डॉक्टर नाही, सिव्हिल डिप्लोमावाला सुपरवायझर. पण आपल्यातल्या कितीजणांची बाळं गावी जन्मतात आणि बाप इथे साइटवर असतो, म्हणून बोलतोय.

माझी मुलगी ९ दिवसांची असताना बायकोचा फोन आला. बाळ अंगावर पीत नाही, पाय गार पडलेत. मी काय सांगावं? शेजारच्या पोराचं सिरप उरलंय ना, ते पाज! नशीब, आशाताईंनी माझं ऐकलं नाही, थेट जिल्ह्याला नेलं. रक्तात जंतू निघाले, क्लेब्सिएला. पहिलं अँटिबायोटिक लागूच पडलं नाही. कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध बदललं, तेव्हा वाचली.

दिल्लीच्या ३ मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ पाहणी झाली. आजारी नवजात बाळांत सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते. आणि आपण? बॅगेत पट्ट्या आणतो, सर्दीला दोन गोळ्या खातो. सर्दीवर त्या चालतच नाहीत, पण अंगातले दणकट जंतू तेवढे उरतात.

बाळ पीत नसेल, मलूल असेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास असतील, तर लगेच दवाखाना. सरकारी दवाखान्यात नवजाताचे उपचार मोफत आहेत.

आणि इथे यूएईत बापालाही मूल झाल्यापासून ६ महिन्यांत ५ दिवस पगारी रजा आहे. मागायला लाजू नका. अर्ज जेवणानंतर भरून देतो, पेन आणा.