जुन्या नौकेचा गिअरबॉक्स : दुरुस्ती की बदल?

(किनारपट्टीवरील सरपंच, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून मासेमारीचा नवा हंगाम सुरू करण्याची आपल्या कोळी बांधवांची परंपरा आहे. त्यापूर्वी नौकेची डागडुजी होते, जाळी सांधली जातात, इंजिनाचे तेल बदलले जाते. परंतु इंजिनामागील गिअरबॉक्सकडे बहुधा दुर्लक्ष होते. तो भर समुद्रात निकामी झाला, तर इंजिन चालू असूनही पंखा फिरत नाही. मग वारा आणि ओहोटी नेतील तिकडे नौका वाहत जाते. मासळी तर नासतेच, शिवाय तांडेल व खलाशी यांचे प्राणही संकटात सापडतात.

या यंत्राचे कार्य समजावून घेणे कठीण नाही. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल आणि गिअरबॉक्सचे प्रमाण तीनास एक असेल, तर पंखा ६०० फेरे घेतो. मोठा पंखा सावकाश फिरल्यास जड जाळे ओढण्यास अधिक जोर मिळतो. नौका मागे घेण्याची सोयही याच पेटीत असते. बहुतेक नौकांत पंख्याचा संपूर्ण रेटाही तीच पेलते.

बिघाडाची पहिली वार्ता तेल देते. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. अशा वेळी तेल थंड करणारी नळी प्रथम तपासावी. तेल काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर क्लचच्या चकत्या घसरत आहेत. धातूचे कण आढळल्यास दाते किंवा बेअरिंग झिजत आहेत. मात्र कित्येकदा दोष केवळ तेलाच्या कमी पातळीत अथवा पुरेशा न ओढल्या जाणाऱ्या केबलमध्ये असतो. म्हणून पेटी उतरविण्यापूर्वी या दोन गोष्टी पाहाव्यात.

चकत्या, सील, बेअरिंग एवढेच झिजले असून सुटे भाग मिळत असतील, तर दुरुस्ती करणे इष्ट. पेटीच्या कवचास तडा गेला असेल, दाते तुटले असतील किंवा सुटे भागच दुर्मीळ झाले असतील, तर नवा गिअरबॉक्स घेणे अंती स्वस्त पडते. तो घेताना प्रमाण, फिरण्याची दिशा, इंजिनाचा जोर पेलण्याची क्षमता आणि बसणीची मापे जुळली पाहिजेत. तीनास एकऐवजी दोनास एक प्रमाणाची पेटी बसविल्यास तोच पंखा ९०० फेरे मागेल. तो भार इंजिनाला झेपणार नाही आणि धुराड्यातून काळा धूर निघू लागेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मूळ कारण न शोधता बसविलेली नवी पेटीही लवकरच निकामी होते. इंजिनाचे सैल पाये, वाकलेला शाफ्ट आणि न जुळलेली सरळ रेषा ही त्याची नेहमीची कारणे होत. लाकडी नौका किनाऱ्यावर ओढली असता तिचा आकार किंचित बदलतो. यास्तव जोडणीची अखेरची तपासणी नौका पाण्यात उतरल्यावर एक-दोन दिवसांनी करावी. जोडचकत्यांमधील फट वर, खाली, डावीकडे व उजवीकडे मोजावी. फरक साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून अधिक नसावा. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र अंतिम मानावी.

२०१५ साली पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदीचा काळ ६१ दिवसांचा करण्यात आला. अशी तपासणी करण्यास हाच काळ उत्तम होय. सहकारी संस्थेकडे कर्जाचा अर्ज आल्यास अधिकाऱ्यांनी बिघाडाचे कारण व जुन्या पेटीचे प्रमाण यांची नोंद अवश्य मागावी. ग्रामपंचायतींनी बंदीच्या काळात जाणत्या मेकॅनिकला बंदरावर पाचारण करून तपासणीचा एक दिवस ठरवावा. शिक्षकांनी दातेरी चाकांचा पाठ शिकविताना मुलांना बंदरावर न्यावे. ज्या घरातील मुलाला दुधाळ तेलाचा अर्थ कळतो, त्या घरची नौका वेळीच दुरुस्त होईल.

आपण या कामी पुढाकार घ्याल असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.