दाब आणि ताण

बंगळूरच्या कोरमंगला भागात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे, आणि तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण लडाखमध्ये हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर उभी आहे. एकाच संस्थेची ही दोन स्थाने वर्षाला एक ते दोन सेंटिमीटरांनी परस्परांच्या जवळ येत आहेत. कोरमंगला भारतीय भूपट्टाच्या पुरातन, कणखर गाभ्यावर वसले आहे. हानले मात्र भारत आणि आशिया जेथे सांधले गेले, त्या सांध्याच्या परिसरात आहे.

या सांध्याच्या जागी पूर्वी टेथिस समुद्र होता. त्याचा जड तळ आशियाच्या पट्टाखाली शिरत गेला. खालून उठलेला शिलारस वरच्या पट्टात थिजला; लेहजवळची ग्रॅनाइटची लडाख पर्वतरांग ही त्याचीच खूण होय. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र आटोपला आणि पाठोपाठ भारताचा भूखंड आला. भूखंडाचा खडक हलका. तो समुद्रतळासारखा सहजी बुडेना. साहजिकच वरच्या पट्टावर प्रचंड दाब आला. तिबेटचे कवच आखडून सुमारे सत्तर किलोमीटर, म्हणजे सर्वसाधारण भूखंडाच्या जवळजवळ दुप्पट, जाड झाले.

परंतु उंचीलाही स्वतःचा भार असतो. ओल्या मातीचा ढीग फार उंच रचला, की तो कडांनी पसरू लागतो. तिबेटचे पठारही आज पूर्व-पश्चिम पसरत आहे, आणि त्यामुळे तेथे उत्तर-दक्षिण खचदऱ्या पडल्या आहेत. दाबातूनच ताण जन्मला, तो असा.

कोट्यवधी वर्षांच्या या व्यवहारातील शतकांचा हिशेब आपल्या जिवाशी निगडित आहे. हिमालयाखालचा सांधा दीर्घकाळ अडकून राहतो आणि वरचा खडक धनुष्यासारखा वाकत जातो. सांधा सुटला, की भूकंप होतो. १९३४ साली बिहार-नेपाळात आणि १९५० साली आसामात हेच घडले. २५ एप्रिल २०१५ रोजी काठमांडूचा परिसर काही क्षणांत सुमारे एक मीटर उचलला गेला, तर उत्तरेकडील उंच हिमालयाचा काही भाग खाली बसला.

पुढील धक्क्याचा दिवस शास्त्र सांगू शकत नाही. मात्र भूमी किती आखडत आहे, हे उपग्रहांच्या साहाय्याने मोजता येते. त्या मोजमापाचा मान राखून पायथ्याशी घरे, शाळा आणि रुग्णालये भक्कम बांधणे, एवढे तरी सर्वस्वी आपल्या हाती आहे.