थांग, वाव आणि नांगर



समुद्रापासून इतक्या दूर, या नवेगाव बांधात, नौकानयनातून भाषेत आलेल्या शब्दांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विसंगत वाटले असेल. निमंत्रण आले तेव्हा माझ्याही मनात ती शंका होती. पण परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या या तलावाच्या पाळीवर काल सायंकाळी मी उभा होतो, आणि एका ढिवराने ती पार घालवून टाकली. डोंग्यात उभा राहून तो लांब बांबू पाण्यात रोवी, रेटा देई आणि पुढे सरके. एके ठिकाणी बांबू जेमतेम हातभर उरला तरी तळाला टेकेना, तेव्हा तो सोबत्याला म्हणाला, ‘इथं थांग नाही.’ कुणाच्या मनाचा थांग लागत नाही, असे आपण नित्य म्हणतो. तो शब्द त्याच्या मूळच्या जागी, ओल्या बांबूसह, मी प्रथमच ऐकला.

अथांग, थांगपत्ता, ठाव घेणे, हा सारा परिवार पाण्याच्या तळाशी नांदणारा आहे. इंग्रज खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी समुद्रात सोडून खोली मोजीत. दोन्ही बाहू पसरले असता होणाऱ्या अंतराला, म्हणजे ६ फुटांना, ते ‘फॅदम’ म्हणत, आणि पुढे एखादी गोष्ट पुरती उमगण्यालाही त्यांनी तेच क्रियापद योजिले. दोरखंड आणि पाण्याची खोली मोजणारी आपली ‘वाव’ हीदेखील पसरलेल्या बाहूंचीच. दोन भाषांनी मापाला माणसाचे बाहू घ्यावेत आणि समजण्याला तळ गाठण्याची उपमा द्यावी, याचे मला अजून नवल वाटते.

मराठ्यांच्या दर्यावर्दी व्यवहाराची भाषा मात्र अनेक मुलखांतून आली. बंदर फारसीतून, सुकाणू अरबीतून, आरमार पोर्तुगीजांकडून. या व्यवहाराचे महत्त्व एवढे, की रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरणच आहे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: पाण्याचा भास झाला की प्रत्येक शब्द नौकेचा मानू नये. ‘तारांबळ’ तारवावरची नव्हे. ती मंगलाष्टकांतील ‘ताराबलम्’ या शब्दातून, मुहूर्ताच्या घाईगर्दीतून आलेली आहे.

इंग्रजीत याच्या उलट फसगत होते. ‘बिटर एंड’ म्हणजे कडू शेवट असे आपण शाळेत शिकलो; परंतु १६२७ साली जॉन स्मिथ याने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘बिटर’ म्हणजे जहाजावरील ‘बिट’ नामक खुंटांना दिलेला नांगराच्या दोराचा वेढा, आणि ‘बिटर एंड’ म्हणजे त्या दोराचे जहाजातच राहणारे टोक. दोर तेथवर सुटला की पुढे सोडायला काही उरत नाही.

आता त्या नांगराकडेच वळतो. आपल्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, नांगर म्हटले की बांधीतला चिखल आणि बैल डोळ्यांपुढे उभे राहतात. कोकणात त्याच शब्दाने तारू जागी खिळते. पहिला संस्कृत ‘लाङ्गल’पासून, दुसरा फारसी ‘लंगर’पासून, असे मानतात; ‘ल’चा ‘न’ होऊन दोघे मराठीत एकाच उंबरठ्यावर येऊन बसले. मृगाचा पाऊस लागला की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, एक नांगर कोपऱ्यात ठेवला जातो, आणि कित्येक घरी त्याच सुमारास दुसरा खांद्यावर घेऊन माणसे शेताकडे निघतात.